सोसणं आणि सावरणं: ऊसतोडीहून परतलेल्या बायकांना काय सांगायचं?

प्रश्न असा आहे: "मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. परतलेल्या बायकांचं एकच गाऱ्हाणं असतं. अंग दुखतं, डोकं भणभणतं, झोप लागत नाही, अंगावरून जातं, जीव कशात लागत नाही. डॉक्टर सांगतात, आराम करा, चांगलं खा, टेन्शन घेऊ नका. हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांच्या हातात असतील अशा सवयी कोणत्या? आणि मन खंबीर कसं करायचं? खरं सांगायचं तर त्यांचं ऐकून ऐकून हल्ली मलाही झोप लागत नाही."

ताई, "कोणत्या तोंडानं" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणूनच एवढं सविस्तर लिहायला बसले. बीड जिल्ह्यात वीस वर्षांहून जास्त काळ डॉक्टर म्हणून काम करताना मीही सुरुवातीला तेच तीन सल्ले देत होते. सोबत एक छापील कागद द्यायचे: सकाळी दूध, दुपारी भाजी-पोळी-वरण, चार वाजता एखादं फळ, आठवड्यातून तीनदा अंडं. एकदा तपासणीसाठी आलेल्या बाईनं कनवटीला लावलेली मिशरीची पुडी सोडली. पुडीचा कागद माझ्याच आहाराच्या तक्त्याचा होता. ती वाचता येत नसलेली बाई होती, पण वाचता आलं असतं तरी तिनं त्या कागदाचं दुसरं काय करायचं होतं? पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत उसाचा फड गाठायचा, नवऱ्यानं तोडलेल्या उसाचं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, आणि गाडी रात्री दहाला आली तर दहाला भरायची. चार वाजताचं फळ यात बसत नाही. त्या दिवसानंतर मी तो कागद वाटायचा बंद केला आणि प्रत्येक बाईला आधी तिचा दिवस विचारायला लागले. उठलीस किती वाजता, पहिलं खाल्लंस केव्हा, लघवीला कुठे गेलीस, पाठ केव्हा टेकलीस. सवय बदलायची असेल तर त्या दिवसात ती जिथे बसेल ती जागा आधी शोधावी लागते.

पाण्यापासून सुरुवात करा. फडावर बायका पाणी कमी पितात. तहान लागलेली असते, पण आडोसा नसतो, म्हणून लघवीला जावं लागू नये असा त्यांचा हिशेब असतो. त्यातून लघवीची जळजळ, ओटीपोटात कळ, अंगात कसकस, डोकेदुखी हे सगळं येतं. त्यावर किराणा दुकानातली दुखण्याची गोळी रोज घेतली जाते. पाणी कमी आणि दुखण्याची गोळी रोज, ही जोडी मूत्रपिंडाला फार महाग पडते. बायकांना हे कोणी सांगतच नाही. "पाणी जास्त प्या" एवढंच सांगून उपयोग नाही, आडोशाचं काय ते सांगा. तोडणीच्या एका टोळीतल्या सहा बायकांनी आपसात ठरवलं होतं की नाश्त्याच्या वेळी आणि दुपारी भाकरीनंतर सगळ्यांनी मिळून जायचं. दोघींनी जुनी चादर धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पाळीपाळीनं उरकायचं. मी त्यांच्या मुक्कामाच्या तळावर गेले तेव्हा ती चादर पाहिली. निळ्या फुलांची, दोन कोपऱ्यांना गाठी मारलेली, हातात नीट धरता यावी म्हणून. त्या बायका मग निर्धास्तपणे पाणी पीत होत्या. मी वाटलेल्या सगळ्या कागदांपेक्षा त्या चादरीनं जास्त काम केलं.

उन्हाचं काम असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. लिंबू पिळलं तर उत्तम. उलट्या-जुलाबातही हेच पाणी चालतं.

आता खाणं. यात मी नवीन पदार्थ कधीच सांगत नाही, आहे त्यातच फेर सांगते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्त कमी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५४ टक्क्यांच्या घरात होता. धाप, चक्कर, "जीव कशात लागत नाही" यांतलं बरंचसं रक्ताच्या कमतरतेतूनही येतं. म्हणून मनाचं काही बोलण्याआधी हिमोग्लोबिन बघा. बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी. लोहाची लाल गोळी बायका घेतात, पण चहासोबत घेतात, आणि चहा त्या लोहाला अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं, हे एक वाक्य मी दिवसातून दहादा बोलते. गोळीवर लिंबूपाणी. भाकरीसोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. भाकरी ज्वारीची असेल तर अधूनमधून बाजरीची. कालवण लोखंडी कढईत. आणि उसाच्या सरीत, बांधावर पाथरी, घोळ, तांदुळजा, चिल आपोआप उगवतं ते. ही भाजी आपल्या आज्यांना माहीत होती. तरुण सुना ती "गरिबाची भाजी" म्हणून तोडत नाहीत. एखाद्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन तळावर ती ओळखायला लावा. मी सांगितलेलं जितकं ऐकलं जात नाही तितकं त्यांचं ऐकलं जातं.

रेशनचा मुद्दा आहाराच्या तक्त्यात कुणी लिहीत नाही, पण लिहायला हवा. कार्ड घरी म्हाताऱ्यांपाशी असतं आणि जोडपं सांगलीला किंवा बेळगावला विकतचं धान्य खातं. आता "एक देश एक रेशन कार्ड" योजनेत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही अंगठा देऊन धान्य उचलता येतं. घरच्यांनी थोडं इथे आणि कामावरच्यांनी थोडं तिथे, असंही करता येतं. आधार जोडलेलं आहे का हे दसऱ्याआधी तपासून द्या. लहान मुलांची आणि गरोदर बाईची नोंद तिथल्या अंगणवाडीत हलवता येते, तेही करून ठेवा. लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या हातात द्या. जंताच्या गोळीची एक फेरी फेब्रुवारीत असते, नेमकी तेव्हा आपली मुलं फडावर असतात. ती गोळी मुलांना तिकडच्या शाळेत किंवा अंगणवाडीत घ्यायला सांगा, नाहीतर परत आल्यावर उपकेंद्रात विचारा.

मिशरीबद्दल रागावू नका. पहाटे रिकाम्या पोटी ती भूक मारते, म्हणून ती सुटत नाही. आधी दोन घास पोटात, मग मिशरी, असा क्रम बदलायला सांगा. नंतर दिवसातली एक वेळ कमी. तोंडात पांढरा चट्टा, बरी न होणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर लगेच दंतवैद्याकडे पाठवा.

अंगावरून जाण्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या जिल्ह्याची ती मोठी जखम आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात पस्तिशीच्या आतल्याही होत्या. पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जायची, "पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल" असं ऐकायची, आणि पाळीमुळे पडणारा खाडा, त्या खाड्याचा दंड, पुन्हा पुन्हा दवाखान्याचा खर्च हे सगळं एकदाच संपेल म्हणून कर्ज काढून ऑपरेशन करून घ्यायची. ती अडाणी होती म्हणून असं घडलं, हे मला मान्य नाही. तिच्यापुढे जे पर्याय ठेवले गेले त्यांत तिनं हिशेबच केला होता. त्यानंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनवर नजर ठेवायला सुरुवात झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं. पण कागद गावात पोचायला वेळ लागतो, त्याच्या आधी तुम्ही पोचता.

तुम्ही एवढं सांगा: पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि तो औषधानं बरा होतो. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. कॅन्सरची भीती असेल तर सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी होते, ती करून घ्या. पिशवी काढायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. कमी वयात पिशवी काढली, आणि सोबत अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम येतात. अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं, झोप उडणं, चिडचिड, उदासी. तुमच्याकडे येणाऱ्या "झोप लागत नाही"वाल्या बायकांपैकी काही जणींची पिशवी काढलेली असेल. विचारा. त्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं की हा त्रास त्या ऑपरेशनचा आहे. त्यांना वाटतं, आपलंच डोकं फिरलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मन खंबीर कसं करायचं. ताई, मी हा "खंबीर" शब्द जपून वापरते. आमच्या बायका फार खंबीर, बाळंतपणानंतर महिन्यात कोयता हातात घेतात, असं कौतुकानं बोललं जातं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. ते सोसणं आहे. सोसायला बाई लहानपणापासून शिकलेली असते, त्यात आपण भर घालायची गरज नाही. तिला हवं आहे सावरणं, आणि ते एकटीनं होत नाही. पडलेल्या माणसाला उठायला कशाचा तरी आधार धरावा लागतो. झोप, एखादं ऐकणारं माणूस, आणि आपल्या आयुष्यातली निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे ही जाणीव, असे तीन आधार मी शोधते.

झोपेचं बघा. फडावर रात्र सलग मिळत नाही, गाडी केव्हाही येते. तिथे "आठ तास झोपा" सांगणं म्हणजे थट्टा होईल. दुपारच्या भाकरीनंतर पाचटावर वीस मिनिटं पाठ टेकणं मात्र जमतं. त्यासाठी दोन शेजारच्या कोयत्यांनी, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांनी, एकमेकींची पोरं पाळीनं सांभाळायची. हे टोळीनं ठरवलं तर होतं, एकटी बाई आडवी झाली तर तिला नावं ठेवतात. परत आल्यावर पहिले पंधरा दिवस तिला झोपू द्या, हे सासूला सांगायचं काम तुमचं. औषधाच्या चिठ्ठीवर मी चक्क लिहून देते: "दुपारी एक तास झोप." शिक्का असलेल्या कागदावरची झोप घरात चालते, असा माझा अनुभव आहे.

हातात असलेली गोष्ट म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, किती घेतली, किती फिटली, हे बहुतेक बाईला माहीत नसतं. तो व्यवहार टोळी जमवणारा मुकादम आणि नवरा यांच्यातला. मग रात्री तिच्या डोक्यात जे फिरत राहतं त्याला आकडाच नसतो, आणि आकडा नसलेलं कर्ज झोपू देत नाही. मी बायकांना एक चाळीस पानी वही करायला सांगते. पहिल्या पानावर उचल. पुढे रोजची खेप, किती टन, पावती मिळाली की नाही, खाडा किती. लिहिता येत नसेल तर शिकणारं पोर लिहील. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्के वाढले. पण ज्या घरात वहीच नव्हती त्या घरात वाढीव दरानं हिशेब झाला की नाही हे पट्टा पडल्यावरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, कळलं नसेल. वहीनं कर्ज कमी होत नाही. एका बाईनं मला सांगितलं, "आता किती उरलंय ते ठावं हाय, मग उगा समदं डोक्यात फिरत न्हाई." उदासीवरच्या कुठल्याही पुस्तकात मला हे सापडलं नसतं.

आणि ऐकणारं माणूस. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकांवर बसवलं. तिथल्या शोना भाषेत उदासीला "कुफुंगिसिसा" म्हणतात. अर्थ: फार विचार करणं. आपल्या बायका म्हणतात ना, "लई विच्यार येत्यात"? तेच. आज्यांशी बोलून लोकांना फरक पडला आणि तो अभ्यासातही दिसला. आपल्या शेजारी गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या "संगाथ" संस्थेनं असंच दाखवून दिलं. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या तर तीव्र उदासीही कमी होते, हे त्यांचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या बैठकांचा गाभा अगदी साधा आहे: मन लागलं की मग काम करू, असं थांबायचं नाही, एखादी छोटी आवडीची गोष्ट आधी करायची, मन हळूहळू मागून येतं. तळावर बायकांनी मला सांगितलेल्या अशा गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: केस धुऊन तेल लावणं, गावी ठेवलेल्या लेकीला ठरलेल्या वेळी फोन, कोपीपुढे, म्हणजे तळावरच्या झोपडीपुढे, चार हात जागा सारवून रांगोळीची चार बोटं ओढणं, एकादशीला टाळ ऐकायला शेजारच्या वस्तीवर जाणं. आधी तिला विचारा, पूर्वी काय आवडायचं. मग त्यातलं एक, आठवड्यातून दोनदा, एवढंच ठरवा.

आपल्याकडे बोलायची जागा पूर्वी होती. पहाटेच्या जात्यावर बाई सासरचं, माहेरचं, मेलेल्या लेकराचं सगळं ओवीत घालून दगडाला सांगायची, आणि दळायला सोबत बसलेली दुसरी ते ऐकायची. अशा लाखाहून जास्त ओव्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. गिरणी आली ते बरंच झालं, खांदे वाचले. पण त्या जागी बोलायला दुसरं काही आलं नाही. तुम्ही लसीकरणाच्या दिवशी अर्धा तास जास्त थांबून पाच-सहा जणींना बसवलंत तरी ती जागा होते. तिथे भाषण करू नका. "झोप लागती का? जाग आल्यावर काय येतं मनात?" एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, मला जमायला वर्षं लागली. मध्येच "देव बघतोय, होईल सगळं नीट" असं तोंडातून निघतं आणि बाई मिटून जाते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, जेवण तुटणं, लेकराकडेही लक्ष न जाणं दिसलं तर तालुक्याच्या दवाखान्यात पाठवा. "मेलेलं बरं" असं कोणी बोललं तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बाईला मोकळं होता येतं. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका, घरातलं तणनाशक आणि कीटकनाशक कुलूपबंद करायला लावा, आणि १४४१६ लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतून.

दारूचा विषय मी थोडक्यात उरकते, तो वेगळ्या उत्तराचा आहे. नवरा प्यालेला असताना बाईनं समजावू नये. मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१ या नंबरवर फोन. आणि रोज भरपूर पिणारा माणूस देवाची शपथ घेऊन एकदम दारू सोडतो तेव्हा दोन-तीन दिवसांत हात कापणं, भास, झटके येऊ शकतात, त्यात जीवही जातो. तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायचं, अंगाऱ्यावर ठेवायचं नाही.

आता तुमची शेवटची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मी ती दोनदा वाचली. बायकांनी तुमच्यापाशी मोकळं व्हायचं आणि तुम्ही ते घेऊन घरी जायचं, पुन्हा स्वयंपाक, पुन्हा रजिस्टर, असं फार दिवस चालत नाही. माझ्या बाबतीत चाललं नाही. एक बाळंतीण फडावरून आणेपर्यंत उशीर झाला, त्यानंतर कितीतरी दिवस मी मध्यरात्री उठून बसत होते आणि कुणाला सांगत नव्हते, कारण डॉक्टरनं रडायचं नसतं असं मला वाटायचं. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका मैत्रिणीशी तासभर बोलते. तीही याच कामात आहे. नाव न घेता, गाव न सांगता, जे मनात अडकलंय ते. शेजारच्या गावच्या आशाताईंशी तुमचं असं ठरवता येईल. महिन्याच्या बैठकीला तालुक्याला जाता तेव्हा परतीची एक एसटी सोडून द्या, स्टँडवर दोघी चहा घ्या आणि बोला. लोहाची गोळी त्या दिवशी रात्री घ्या, चहाच्या वेळेपासून लांब. तुमचं हिमोग्लोबिन शेवटचं केव्हा पाहिलंत? या आठवड्यात बघून घ्या. आणि झोप पंधरा दिवसांत सुधारली नाही तर १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.